भोपाळचे दोन तलाव आणि तिसरे पाणी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आम्हांला इतिहास शिकवीत. सहलीला गडावर नेले की आम्ही मुले बुरुजांकडे आणि तोफांकडे धावत असू. गुरुजी मात्र सर्वांना थांबवून सांगत, ‘आधी पाणी कोठे आहे ते शोधा.’ गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, ही रामचंद्रपंत अमात्यांची आज्ञापत्रातील शिकवण त्यांनी आम्हांला वर्गात नव्हे, एका टाक्याच्या काठावर बसवून समजावली होती. ते पाणी प्यावयाचे की वापरावयाचे, ते कोणी प्यावयाचे आणि कोणी नाही, असे प्रश्न ते मग एकामागून एक विचारीत. नोकरीच्या निमित्ताने माझे बहुतेक आयुष्य भोपाळमध्ये इतिहास शिकविण्यात गेले. गुरुजींचे ते प्रश्न मी त्या शहराला विचारले. जी उत्तरे मिळाली, त्यांचा वृत्तांत आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

भोपाळ म्हटले की मराठी माणसाला प्रथम आठवतो तो पहिला बाजीराव. डिसेंबर १७३७ मध्ये त्याने निजामाला भोपाळपाशी कोंडले आणि जानेवारी १७३८ मध्ये दुराहासराईचा तह पदरात पाडून घेतला. परंतु भोपाळशी आपला दुसराही एक संबंध आहे आणि तो अधिक जवळचा आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून गेली आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली. दप्तरांबरोबर कारकून गेले, कारकुनांबरोबर त्यांचे संसार गेले. त्यांत मराठी घरे पुष्कळ होती. माझे एक काका त्यांतलेच. त्यांच्या पत्रांत पहिली तक्रार असे ती भाजीची आणि पहिले कौतुक असे ते तलावाचे.

कौतुक साहजिकच होते. भोपाळचा बडा तलाव मानवनिर्मित आहे, हे प्रथम पाहणाऱ्याला खरे वाटत नाही. कोलांस नदीला मातीचा बांध घालून तो अकराव्या शतकात परमार राजा भोजाने निर्माण केला, अशी परंपरा आहे. त्याच्या बांधावर आज कमला पार्क नावाची बाग आहे. तलाव भरला म्हणजे सुमारे ३६ चौरस किलोमीटर पसरतो आणि ३६१ चौरस किलोमीटर मुलखाचे पाणी त्यात उतरते. त्याच राजाने बेतवेवर भोजपूर येथे याहूनही विशाल जलाशय बांधला होता. पंधराव्या शतकात माळव्याचा सुलतान होशंगशाह याने त्याचा बांध फोडला. बांध तोडावयास सैन्याला तीन महिने लागले, पाणी ओसरावयास तीन वर्षे आणि तळाची जमीन राहण्याजोगी होण्यास तीस वर्षे, असे तेथील लोक सांगत आले आहेत. या आकड्यांकडे पुरावा म्हणून पाहू नये. पण पाण्याची घडी मोडावयास दिवस पुरतात आणि बसावयास पिढ्या लागतात, याची जाणीव त्या दंतकथेत आहे, एवढे खरे.

दुसरी एक आख्यायिका अधिक लक्षणीय वाटते. राजा भोजाला त्वचेचा असाध्य रोग झाला. एका साधूने सांगितले की, ३६५ प्रवाह एकत्र करून तलाव बांध आणि त्यात स्नान कर. शोध घेता ३५९ प्रवाह सापडले. उरलेल्यांचा पत्ता कालिया नावाच्या एका गोंड नायकाने दाखविला, म्हणून त्या नदीचे नाव कलियासोत पडले. ही कथा भोजपूरच्या जलाशयाची आहे, पण भोपाळकर ती आपल्या तलावाविषयीही सांगतात. राजाला गोंडाकडून पाण्याची माहिती घ्यावी लागली, हा तिच्यातला भाग मला नेहमी आवडत आला आहे. आणि तलाव बांधला तो रोग घालविण्यासाठी! पुढचा इतिहास सांगताना हे ध्यानात ठेवावे.

बड्या तलावाच्या पूर्वेस छोटा तलाव आहे. नवाब हयात मुहम्मद खान यांचे दिवाण छोटे खान यांनी तो १७९४ मध्ये बांधविला. त्याचा विस्तार जेमतेम १.२९ चौरस किलोमीटर. त्याला स्वतःची नदी नाही. वरच्या तलावातून जे झिरपते ते आणि शहरातून जे वाहून येते ते, एवढीच त्याची मिळकत. एकोणिसाव्या शतकात कुदसिया बेगम यांनी शहराला नळाचे पाणी दिले आणि ते रयतेला विनामूल्य मिळावे अशी तजवीज केली. भोपाळच्या बेगमांच्या राज्यकारभारावर पुष्कळ लिहिले गेले आहे. माझ्या मते हे एकच कृत्य त्यांचे नाव राखावयास पुरेसे होते.

ही घडी मोडली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १९५१ च्या जनगणनेत भोपाळची वस्ती लाखाच्या आसपास होती. १९८१ मध्ये ती पावणेसात लाखांच्या घरात गेली आणि २०११ मध्ये अठरा लाखांच्या जवळ पोहोचली. राजधानी आली, अवजड विद्युत उपकरणांचा सरकारी कारखाना आला, वसाहती उठल्या. पाणी कमी पडू लागले म्हणून १९६५ मध्ये भदभदा येथे धरण बांधून बड्या तलावाची साठवण वाढविली गेली. पाणी आणण्याची व्यवस्था झाली. वापरलेले पाणी कोठे जावे याची मात्र झाली नाही. ते उताराने गेले आणि उतार तलावाकडेच होता. माझ्या काकांच्या घराचे सांडपाणीही त्यातच गेले असणार. त्यांच्या पत्रांत त्याचा उल्लेख नाही. सांडपाण्याविषयी पत्रांत कोण लिहितो?

सांडपाण्याने तलाव कसा आजारी पडतो, हे येथे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण घाण दिसते तेथेच दूषण असते असा आपला समज आहे. मैल्यातून, साबणातून आणि शेतातल्या खतातून नत्र व स्फुरद ही द्रव्ये पाण्यात उतरतात. शेताला जे खत तेच शेवाळालाही खत. सूक्ष्म शेवाळाची भरमसाट वाढ होऊन पाणी हिरवे दाट दिसू लागते, जलपर्णी काठाकाठाने पसरते. दिवसा ही हिरवी सृष्टी पाण्यात प्राणवायू सोडते. रात्री ती स्वतः तोच वायू घेऊ लागते, आणि तिचा मेलेला भाग तळाशी कुजताना उरलासुरला प्राणवायूही खर्ची पडतो. त्यामुळे पाण्यातील प्राणवायू सर्वांत कमी असतो तो पहाटे. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात ते त्याच वेळी. कोळी हे कोणत्याही प्रयोगशाळेच्या आधी ओळखतो. छोट्या तलावाची अशी अवस्था कित्येक वर्षे होती. जुन्या शहराचे नाले त्यात उघडे पडत, काठावर धोबीघाट होते, आणि मायक्रोसिस्टिस नावाच्या शेवाळाचा हिरवा थर पाण्यावर येत असे. हा थर नुसता कुरूप नसतो, त्याच्या काही प्रकारांत यकृताला अपाय करणारे विष असते. मासेमारीवर आणि शिंगाड्याच्या वेलांवर पोट असणाऱ्यांना पाणी बिघडल्याची वार्ता अशा रीतीने प्रथम कळते. आणि विचारले मात्र त्यांना सर्वांत शेवटी जाते.

यात आपलाही एक वाटा आहे, तो येथे सांगितलाच पाहिजे. भोपाळात गणेशोत्सव आणि दुर्गोत्सव थाटात होतात. पूर्वीच्या शाडूच्या मूर्ती पाण्यात विरघळून तळाच्या गाळात मिसळत. प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती तशा विरघळत नाहीत आणि त्यांच्या रंगांतून शिसे, क्रोमियम यांसारखे जड धातू पाण्यात येऊ शकतात. विसर्जनानंतरच्या पाण्याची परीक्षा ज्या शहरांत पुनःपुन्हा झाली, त्यांत भोपाळचे हे तलाव आहेत. पुढे प्रेमपुरा येथे विसर्जनासाठी वेगळा घाट बांधण्यात आला. मंडळाच्या सभेत हा विषय मी काढला, तेव्हा मला मिळालेली उत्तरे अजून स्मरणात आहेत. ती येथे सांगण्याजोगी नाहीत.

तथापि तलावाच्या बाबतीत निराश होण्याचे कारण नाही. १९९५ ते २००४ या काळात जपानच्या अर्थसाहाय्याने भोज पाणथळ प्रकल्प राबविण्यात आला. काही नाले वळविले गेले, गाळ काढला गेला, काठाने झाडे लावली गेली, धोबीघाट हलविले गेले, छोट्या तलावात पाण्याला हवा मिळावी म्हणून कारंजी बसविली गेली. २००२ मध्ये दोन्ही तलाव मिळून ‘भोज पाणथळ’ या नावाने रामसर कराराच्या आंतरराष्ट्रीय यादीत दाखल झाले. मासे, कासवे, सारस पक्षी यांची मोजदाद होऊ लागली. २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने तलावात चालणारी क्रूझ नौका व मोटारबोटी बंद करण्याचा आदेश दिला. काठावरची बांधकामे, नाले, गाळ हे प्रश्न मिटले आहेत असे मुळीच नाही. परंतु तलावाला वाली आहेत. तो दिसतो, शहराला प्यावयाचे पाणी देतो, त्याच्या काठी मोठ्या माणसांची घरे आहेत. तो बिघडला तर वर्तमानपत्रांत येते.

आता तलावाचा काठ सोडून जुन्या शहराच्या उत्तरेला, रेल्वेच्या रुळांपलीकडे, माझ्याबरोबर चला. तेथे भोपाळचे तिसरे पाणी आहे. ते कोणालाच दिसत नाही, कारण ते जमिनीखाली आहे.

युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्याची सुरुवात १९६९ मध्ये झाली आणि मिथाइल आयसोसायनेट हे विषारी द्रव्य तेथेच तयार होऊ लागले ते १९८० पासून. सेव्हिन आणि टेमिक ही तेथील मुख्य उत्पादने. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री काय झाले, ते या सभागृहातील प्रत्येकाला ठाऊक आहे. त्या रात्रीच्या हकीकतीत पाणी दोनदा येते, आणि त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले आणि त्या संयोगातून सुमारे ४० टन विष उफाळून बाहेर पडले. ते पाणी कसे शिरले याविषयी कंपनीचे म्हणणे एक आणि इतर तपास करणाऱ्यांचे दुसरे, पण शिरले पाणीच. हे झाले एक. दुसरे असे की हे द्रव्य पाण्याशी संयोग पावते, म्हणूनच नाकातोंडावर ओले फडके धरले असते तर फुप्फुसांत जाणारे विष काही अंशी तरी कमी झाले असते. ओले फडके! ज्या घरात काहीही नसते त्या घरातही लोटाभर पाणी आणि लुगड्याचा पदर असतो. परंतु ही साधी गोष्ट त्या वस्त्यांना आधी कोणी सांगितली नव्हती आणि त्या रात्रीही कोणी सांगितली नाही.

सांगितले नाही, या दोन शब्दांत भोपाळच्या तिसऱ्या पाण्याचा इतिहास आहे. तो त्या रात्रीच्या आधी सुरू होतो.

कारखान्यातील सांडपाणी आवारातल्या खड्ड्यांत सोडले जाई. १९७७ मध्ये कारखान्याच्या उत्तरेस, सुमारे ४०० मीटरवर, उन्हाने पाणी आटविण्यासाठी मोठी तळी बांधण्यात आली. कल्पना अशी की, विषारी पाणी तळ्यात सोडावे, उन्हाने ते उडून जावे आणि साका मागे राहावा. जमिनीत पाझर होऊ नये म्हणून तळाशी प्लॅस्टिकचे अस्तर घातले होते. ज्याने शेततळे पाहिले आहे त्याला असे अस्तर किती दिवस टिकते हे सांगावयास नको. पुढे अमेरिकेतील न्यायालयात दाखल झालेल्या कागदपत्रांवरून दिसते की, या योजनेमुळे भोपाळचे भूजल दूषित होण्याचा धोका आहे, अशी नोंद कंपनीच्या अंतर्गत पत्रव्यवहारात १९७२ मध्येच झाली होती. १९८२ च्या मार्च व एप्रिल महिन्यांत भोपाळहून अमेरिकेला तारसंदेश गेले की, तळ्यांतून गळती चालू आहे आणि ती चिंतेची बाब झाली आहे. त्याच वर्षी भोपाळचे पत्रकार राजकुमार केसवानी आपल्या लहानशा साप्ताहिकातून कारखान्याच्या धोक्याविषयी शहराला इशारे देत होते. केसवानींचे इशारे छापले गेले आणि कोणी मनावर घेतले नाहीत. तळ्यांविषयीचे इशारे तर छापलेही गेले नाहीत.

आता १९८९ सालाकडे येऊ. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली आणि देशाने या विषयावर हिशेब मिटल्याची रेघ ओढली. त्यानंतर थोड्याच महिन्यांत बंद कारखान्याच्या आवारातील माती व पाणी यांच्या नमुन्यांची परीक्षा कंपनीने करविली. पाण्याची विषारिता पाहण्याची एक सर्वमान्य रीत अशी आहे की, नमुन्याच्या पाण्यात मासे सोडावयाचे आणि ठरावीक तासांनी जिवंत किती, मेले किती ते मोजावयाचे. त्या अहवालाचा आशय असा : द्रव नमुन्यांपैकी बहुतेकांत नॅफ्थॉल अथवा सेव्हिन मान्य मर्यादेपेक्षा फार अधिक होते, आणि तपासलेल्या सर्व नमुन्यांत सर्वच्या सर्व मासे मेले. मासा जगावा इतपत सौम्य करण्यासाठी त्या पाण्यात कित्येक पट स्वच्छ पाणी मिसळावे लागले.

मी इतिहासाचा विद्यार्थी आहे, रसायनाचा नाही. मला या अहवालातील आकड्यांपेक्षा त्याची तारीख अधिक अस्वस्थ करते. १९८९ साली मासे मेले हे कागदावर आले. त्याच दिवसांत आवाराच्या भिंतीपलीकडे, अटल अयूब नगर, अन्नू नगर आणि आसपासच्या वस्त्यांत, बायका हातपंपावर हंडे भरीत होत्या. भिंत विटांची होती; जमिनीखालच्या पाण्याला ती अडवू शकत नव्हती. तो अहवाल भिंतीपलीकडे कोणी नेला नाही. अमेरिकेतील खटल्यामुळे कंपनीचे कागद उघड झाले, तेव्हा तेरा-चौदा वर्षे लोटली होती. १९८९ मध्ये पाळण्यात असलेली मुलगी तोवर स्वतः पंप मारण्याजोगी झाली होती.

अशी घटना भोपाळातच प्रथम घडली असे नाही. जपानमध्ये मिनामाता नावाचे कोळ्यांचे गाव आहे. चिस्सो कंपनीचे पारायुक्त सांडपाणी तेथील उपसागरात जाई, ते माशांत साठे, आणि मासे खाणाऱ्या माणसांना हातापायांचे झटके, अंधत्व, वेड आणि मृत्यू येई. माणसांच्या आधी गावातली मांजरे पिसाळल्यासारखी नाचून मेली होती. १९५६ मध्ये या रोगाची अधिकृत नोंद झाली. १९५९ मध्ये कंपनीच्याच रुग्णालयातील डॉक्टर होसोकावा यांनी कारखान्याचे सांडपाणी अन्नात मिसळून एका मांजरास घातले. त्या मांजराचा क्रमांक होता ४००. मांजरास तोच रोग झाला. कंपनीने तो निष्कर्ष दडविला आणि सांडपाणी त्यानंतरही सोडले जात राहिले. ती प्रक्रिया बंद झाली १९६८ मध्ये. डॉक्टर होसोकावांनी १९७० मध्ये आजारपणाच्या खाटेवरून साक्ष दिली. मिनामाताचे मांजर आणि भोपाळचे मासे यांनी आपापली साक्ष वेळेवर दिली होती. ती कपाटात ठेवली ती माणसांनी.

भोपाळात पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो, कारण ही नुसती अहवालांची माळ आहे आणि ती ओढताना माझाच जीव थकतो. १९९० मध्ये अमेरिकेतील बॉस्टनच्या एका नागरिक प्रयोगशाळेने वस्तीतील पाण्यात क्लोरीनयुक्त बेन्झीनची संयुगे असल्याचे दाखविले. त्याच सुमारास आपल्या नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या अहवालात भूजल दूषित झाले नसल्याचा निष्कर्ष निघाला. १९९६ मध्ये राज्याच्याच सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी विभागाच्या प्रयोगशाळेला कूपनलिकांत रासायनिक दूषण आढळले. १९९९ मध्ये ग्रीनपीसच्या पाहणीत आवारात पारा आणि विहिरींत कार्बन टेट्राक्लोराइड व क्लोरोफॉर्म सापडले. आणि २०१० मध्ये नागपूरच्या त्याच संस्थेच्या नव्या अहवालात, आवाराजवळच्या काही विहिरींपुरते का होईना, दूषण मान्य झाले. नागपूरच्या या संस्थेविषयी आपल्याकडे अभिमान आहे आणि तो रास्त आहे. म्हणूनच हे दोन निष्कर्ष शेजारी ठेवून पाहणे आपले काम आहे. मधल्या वीस वर्षांत शास्त्र बदलले नव्हते. बदलले होते ते नमुने कोठून, किती खोलीवरून आणि कोणत्या द्रव्यासाठी घ्यावयाचे याविषयीचे प्रश्न. क्लोरीनयुक्त द्रावके पाण्याहून जड असतात. ती बुडतात, खडकांच्या भेगांतून खोल जातात आणि तेथून वर्षानुवर्षे थोडी थोडी सुटत राहतात. वरचे पाणी घेऊन तपासले तर ती सापडतीलच असे नाही.

दरम्यान काही हातपंपांवर लाल रंग मारला गेला आणि पाणी पिण्यास अयोग्य असल्याच्या सूचना लिहिल्या गेल्या. असा एक पंप मी पाहिला आहे. त्याच्या दांड्यावरचा लाल रंग हाताच्या पकडीपुरता घासून गेला होता आणि खालचे लोखंड चकाकत होते. तेथे उभ्या असलेल्या एका प्रौढ बाईंना मी विचारले, ताई, हे पाणी का भरता? त्यांनी मला उलट विचारले की टँकर कोणत्या वारी येतो ते मला ठाऊक आहे काय. मला ठाऊक नव्हते.

७ मे २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या वस्त्यांना शुद्ध पाणी पुरविण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला या भोपाळच्या दोन कामगार स्त्रियांना पर्यावरणकार्यासाठी गोल्डमन पारितोषिक मिळाले. आदेश निघाला म्हणून नळ आला असे झाले नाही. २००६ मध्ये वायुपीडित आणि जलपीडित लोक भोपाळहून दिल्लीपर्यंत सुमारे ८०० किलोमीटर पायी चालत गेले. त्यांत वृद्ध स्त्रिया होत्या, लहान मुले होती. त्यांच्या मागण्यांत पिण्याचे पाणी ही एक मागणी होती. कुदसिया बेगमांनी ज्या शहरात नळाचे पाणी विनामूल्य दिले, त्या शहरातील नागरिकांना पाणी मागण्यासाठी दिल्लीला चालत जावे लागले, याची नोंद पुढील इतिहासकाराने अवश्य करावी. त्यानंतर टप्प्याटप्प्याने नळ आले. दूषित वस्त्यांची यादी मात्र वाढतच गेली. २०१२ च्या सुमारास ती २२ वस्त्यांची होती, लखनौच्या विषशास्त्र संस्थेच्या २०१८ मधील पाहणीनंतर ती ४२ वर गेली.

जबाबदारी कोणाची, या प्रश्नाचे उत्तर न्यायालयांतही सरळ मिळाले नाही. भोपाळच्या रहिवाशांनी भूजलाच्या दूषणासाठी न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात दावे केले. मूळ अमेरिकन कंपनी या दूषणास जबाबदार धरता येत नाही, असा तेथील निर्णय झाला आणि अपिलात २०१३ व २०१६ मध्ये तो कायम राहिला. कंपनीचे म्हणणे असे की, कारखाना भारतीय कंपनी चालवीत होती आणि जमीन १९९८ पासून राज्य सरकारच्या ताब्यात आहे. हे दोन्ही कागदोपत्री खरे आहे. १९७२ चे ते पत्रही कागदोपत्रीच आहे. भारतात सर्वोच्च न्यायालयाने नुकसानभरपाई वाढवून मागणारी सरकारची उपचारात्मक याचिका मार्च २०२३ मध्ये फेटाळली.

वायुदुर्घटनेला चाळीस वर्षे झाल्यावर, जानेवारी २०२५ च्या आरंभी, आवारात गोळा करून ठेवलेला ३३७ टन विषारी कचरा बंद वाहनांतून पोलीस बंदोबस्तात धार जिल्ह्यातील पीथमपूरला नेण्यात आला. तेथे मोठा क्षोभ झाला. दोघांनी अंगावर ज्वालाग्राही द्रव ओतून घेऊन पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. इंदूरकरांनी जी भीती बोलून दाखविली ती पुन्हा पाण्याचीच होती. होळकरांच्या राजवटीत बांधलेल्या यशवंतसागराचे पाणी इंदूर पिते, आणि पीथमपूरच्या राखेतून काही त्यात उतरले तर काय, असे लोक विचारीत होते. त्यांना घाबरट म्हणणारे लेख मी वाचले. चाळीस वर्षे ज्यांना कोणी काही सांगितले नाही, त्यांच्याविषयी ऐकून आलेल्या माणसाने सरकारी आश्वासनावर चटकन विश्वास का ठेवावा, हे त्या लेखांत नव्हते. जूनअखेर तो कचरा जाळून झाला.

जाळला गेला तो जमिनीवरचा, पोत्यांत भरलेला कचरा. कारखाना चालू असताना आवारात जे पुरले ते आणि आटवण तळ्यांच्या तळाशी जे साचले ते त्या ३३७ टनांत नव्हते. ही तळी आजही जागेवर आहेत. बांध खचले आहेत, काळ्या अस्तराच्या चिंध्या मातीतून वर येतात. पावसाळ्यात त्यांत पाणी भरते, जलपर्णी उगवते, आणि आसपासची गुरे तेथे उतरतात. आमच्या महाविद्यालयाची मुले घेऊन मी एकदा तेथे गेलो होतो. बड्या तलावाच्या काठी त्यांनी वह्यांत पुष्कळ टिपणे घेतली होती, तेथे कोणी वही काढली नाही. परत निघालो तेव्हा मागे राहिलेल्या एका मुलीने मला विचारले की, सर, या पाण्यात मासे आहेत का ते कोणाला विचारायचे? काठावर एक मुलगा गळ टाकून बसला होता. मी तिला त्याच्याकडे पाठविले.